माथ्यावरची पाटी

केरवणच्या डोंगराचा माथा काढून नेला त्याला एकवीस वर्षं झाली, पण माथ्यावरचं जंगल खाली आलं नाही. ते होतं तिथंच, होतं त्या उंचीवर उभं आहे. खाली खाणीचा लाल सपाट माळ, वर शंभर हात मोकळी हवा, आणि हवेच्या वर किंजळ, कुंभा, सातवीण, त्यांच्या मुळांना धरून राहिलेली माती आणि देवीचा दगड. पावसाळ्यात जंगलावर पडलेलं पाणी मुळांतून गाळून माळावर येतं. ते चहाच्या रंगाचं असतं आणि थोडं कोमट असतं. कंपनीचे साहेब जायच्या आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन आले होते. त्यांनी वर पाहिलं, हातातला नकाशा पाहिला, म्हणाले, "नकाशात झाडं नाहीत," आणि गाडीत बसले.

माझी आई वर आहे. तिचं नाव शेवंती. अकरा वर्षांपूर्वी देवीच्या दिवशी ती सगळ्यांबरोबर वर गेली आणि उतरली नाही. दर वर्षी देवीच्या दिवशी मी तिला आणायला जाते. ती येत नाही. मी परत येते आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडते. वाडीतल्या शाळेत मी शिकवते, पहिली ते चौथी.

यंदा मात्र तिला आणायलाच हवं होतं. वर जायची वाट आनंदीकाकीच्या गळ्यात आहे, आणि तिच्या गळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. देवीचा दिवस रविवारी आला होता.

वाट गळ्यात आहे ती अशी. यंत्रं यायच्या आधी माथ्यावरचं खनिज बायकांनी पाट्यांतून उतरवलं. आमच्याकडे डोक्यावर घ्यायच्या वेताच्या टोपलीला पाटी म्हणतात. रिकाम्या पाट्या घेऊन वर चढताना बायका एक गाणं म्हणायच्या. प्रत्येक ओवीत एक वळण, एक झाड, एक पाय. डोंगराबरोबर वाट गेली, पण गाणं राहिलं. डोंगर होता तेव्हा ज्या बाईच्या पायांनी ती वाट तुडवली आहे तिनं ते म्हटलं, की ओवीगणिक तेवढी वाट पायाखाली येते. तिचा पदर धरून मागून कोणीही जाऊ शकतं. ओवी संपली की मागची वाट जाते. अशा नऊ बायका होत्या. आता खाली आनंदीकाकी एकटी.

गाणं मलाही पाठ आहे. पण आई खाणीवर असायची तेव्हा मी शाळेत असायचे. तिनं मला एकदाही वर नेलं नाही. शाळेच्या दारात सोडायची आणि मी आत जाईपर्यंत पाटी काखेत धरून उभी राहायची. मोठी झाल्यावर एकदा मी माळाच्या कडेला जाऊन पहिली ओवी स्वच्छ आवाजात म्हटली आणि पाय टाकला. गुडघा फुटला.

"तुझ्या आवशीचा चुकला," आनंदीकाकी तेव्हा म्हणाली होती. "एक दीस तरी शाळा चुकवूक होयी होती."

रविवारी सकाळी आम्ही दोघी रिकाम्या पाट्या घेऊन माळावर पोचलो तेव्हा धुकं नुकतंच उठलं होतं. वासू मुकादम त्याच्या दगडावर बसला होता. खाण बंद झाली तरी तो रोज येऊन बसतो, कारण त्याला कोणी उठ म्हटलेलं नाही. पूर्वी माळावर आलेल्या पाट्या उतरवून घ्यायचं काम त्याचं होतं. अजून त्याचंच आहे.

"दोघीच?" त्यानं विचारलं.

"तिसरी वर आसा," काकी म्हणाली. तिनं गळ्याला हिरवा मफलर गुंडाळला होता.

"शेवंती? ती येवची नाय. तिका वर बरां वाटता. हय काय आसा? मी आसंय."

"म्हणानच येणा नाय ती," काकी म्हणाली. मुकादम हसला आणि त्यानं शिट्टी फुंकली. शिट्टीशिवाय कोणी चढायचं नाही असा नियम आहे.

"काकी, जास्त बोलू नको," मी म्हटलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तोंड उघडू नको म्हणान सांगल्यान. मी म्हटलंय, आयतवारपर्यंत माझा मी उघडतलंय, मगे बेस्तवारी तू कायमचा बंद कर." तिनं पदराचं टोक माझ्या हातात दिलं, पाटी काखेत घेतली, आणि माळाच्या कडेवरून पाय उचलून गायला सुरुवात केली.

पयलो माझो पाय गो कुंभ्याच्या मुळार,
ऊन पडलां कवळां देवाच्या शिळार.

पायाखाली कुंभ्याचं मूळ आलं. ओलं होतं. शिळेवर कोवळं ऊन होतं.

दुसरो माझो पाय गो झऱ्याच्या काठार,
पानी पितत पाखरां आपापल्या वाटार.

झरा आला. पाखरं आमच्याकडे न बघता पाणी पीत होती. मागं वळून पाहिलं तर कुंभ्याचं मूळ नव्हतं, नुसता माळ दिसत होता आणि त्यावर वासू मुकादम, ताटलीएवढा.

तिसरो माझो पाय गो करवंदीच्या जाळी,
काटो धरता पदर, म्हणता बस सावळी.

इथं नेहमी थोडं थांबावं लागतं. काटा खरंच पदर धरतो. काकीनं तो सोडवेपर्यंत मी सावलीत उभी राहिले आणि तिच्या घशातून येणारा बारीक किरकिर आवाज ऐकला, जात्यात खडा आल्यासारखा.

सातव्या ओवीपाशी घाडीभावजी आणि त्यांची बायको भेटली. जंगल वर एकटं राहिलं त्या पहिल्या वर्षी ही दोघं रिकाम्या हातांनी उतरायला निघाली होती. उतरताना डोक्यावर ओझं लागतं. बायकांच्या पायांना उतरायची वाट ओझ्यासकटच माहीत आहे, रिकामं कधी कोणी उतरलं नव्हतं, त्यामुळे रिकाम्या माणसाखाली वाट येते पण संपत नाही. ती दोघं अजून उतरतायत. तब्येतीनं चांगली आहेत.

"खंयपर्यंत इलास?" काकीनं ओवीच्या मधल्या जागेत विचारलं.

"ह्यो काय, पावलोच," घाडीभावजी म्हणाले.

"पावलो म्हणे," त्यांची बायको म्हणाली. "मी तेवाच सांगत होतंय, दोन पाट्ये भरून घेवया. तर ह्यांका बाप्या माणसान डोक्यार पाटी घेवची लाज. घेवा आता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आवशीक आणूक गेलंस गो?"

"हो."

"आण हां. पण तिका काय तरी घेवक सांग डोक्यार."

आम्ही चढत गेलो आणि ती उतरत गेली.

शेवटच्या ओवीला काकीचा आवाज पिचलेल्या बांबूसारखा दोन झाला.

निमाणो माझो पाय गो देवीच्या दारार,
रितीच इलंय आवय, भरान धाड घरार.

'घरार' या शब्दाला तिच्या घशातून आवाज आलाच नाही. नुसता वारा आला. तेवढ्यावरही वाटेनं शेवटचा हात दिला आणि आम्ही वर पोचलो. काकीनं तोंड उघडून मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मग हातानं गळा दाखवला, आणि हात झटकला, जसा भांड्यातलं पाणी संपल्यावर आपण भांडं झटकतो.

पहिल्या वर्षी माथ्यावर बेचाळीस माणसं देवीला आली होती आणि बसायला जागा शिल्लक राहिली होती, असं सांगतात. घाडी नवराबायको सोडून प्रत्येकानं उतरताना पाटी भरून माथ्याची माती घेतली. दुसरं ओझं चालत नाही. एकानं घरून सिमेंटची पिशवी वर नेली होती, ती डोक्यावर घेऊन उतरायला गेला तर वाट आली नाही. दर वर्षी माणसं आली, दर वर्षी पाट्या भरल्या, आणि ज्या झाडाखालची माती गेली ते झाड त्यानंतर नसायचं. खालून बघताना कळायचं नाही. खालून जंगल तेवढंच दिसतं.

यंदा वर एक सातवीण होती, देवीचा दगड होता, आणि बाजेएवढी जमीन होती. बाजेवर आई बसली होती.

ती सातविणीची वाळकी पानं हातानं चुरत होती. चुरलेली पानं पायाशी पसरून वर पाणी शिंपडत होती. अकरा वर्षं ती हेच करते. पाल्याची माती करते.

"इलंस?" ती म्हणाली. "बस. पाय आत घे."

मी पाय आत घेऊन बसले. काकी सातविणीला टेकून उभी राहिली, कारण तिसऱ्या बाईला बसायला जागा नव्हती. मी आईच्या पाया पडले, तर माझं कोपर कडेच्या बाहेर गेलं. खाली शाळेचं छप्पर दिसत होतं.

"आये, आज शेवटचं. काकीचा आवाज गेला. आता कोणी वर येऊ शकणार नाही. आज तू आली नाहीस तर मग नाहीच."

"माहीत आसा. ओवी ऐकत होतंय मी. निमाण्या शब्दाक सूर नव्हतो."

"मग चल."

"काय घेवन? उतरूक पाटी भरूची लागता. एकुणीस वर्सां मी ह्यो डोंगर डोक्यार घेवन उतरवलंय. ह्या मानेवरसून गेलो तो. आता एक मूठ न्हेवची नाय, असो मी देवीक सबूद दिलंय." ती पानं चुरत होती. "आणि तू गो? दर वर्सा माका न्हेवक येतंस, माका न्हेणस नाय आणि माझ्याखालची एक पाटी माती न्हेतंस. धा पाट्ये न्हेलंस. चांगली माती होती. गांडुळां होती."

मी याचा विचार केला नव्हता. मला वाटत होतं, मी येते आणि जाते.

काकीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग आपल्या गळ्याकडे बोट केलं, खाली गावाकडे केलं, आणि चार बोटं दाखवली. गुरुवारला चार दिवस होते. तिला उतरायला हवं होतं. आईनं मान हलवली आणि स्वतःच पाय पोटाशी घेऊन जागा करून दिली. काकीनं खुरप्यानं सातविणीच्या बुंध्याकडची माती भरली. काळी, भुसभुशीत, तिच्यात नेच्याची मुळं आणि अंग गुंडाळून बसलेला एक पैसा किडा. पाटी भरली तेव्हा सातवीण राहिली नव्हती. आम्हाला ऊन लागायला लागलं. बाजेची आता चटई झाली होती.

"आता तू भर," आई मला म्हणाली.

मी पाहिलं. माझी पाटी भरली असती तर आईला दोन पावलांएवढी जागा राहिली असती. उभं राहायला पुरली असती. झोपायला नाही.

"मी भरत नाही," मी म्हटलं. "मी इथंच बसते."

"बस म्हणजे?"

"तू उतरत नाहीस ना? मग मीही नाही. दोघींना चटई पुरेल."

"आणि शाळा?"

"शाळेत दुसरं कोणी येईल."

आईनं हातातली पानं खाली ठेवली. अकरा वर्षांत मी तिला प्रथमच रागावलेलं पाहिलं. "ह्याच्यासाठी शाळेत घातलंय तुका? हय येवन बसाक? रोज दारात सोडी होतंय ता कित्याक? तुझी मान सरळ ऱ्हवांदे म्हणान!"

"तू रिकामी उतरलीस तर घाडीभावजींसारखं होईल. माती घेणार नाहीस. मी तुला सोडणार नाही. तूच सांग काय करायचं ते."

काकीनं टाळी वाजवली. आम्ही तिच्याकडे पाहिलं. तिनं माझी रिकामी पाटी उचलून आमच्यामध्ये ठेवली. मग आईकडे बोट दाखवलं आणि मग पाटीकडे.

"मी काय माती आसंय?" आई म्हणाली.

काकीनं आईचा हात उचलून माझ्यापुढे धरला. अकरा वर्षं आईनं वर जे पिकलं ते खाल्लं होतं, मुळांचं पाणी प्यायलं होतं, मातीवर निजली होती. नखांत माती होती, हाताच्या रेषांत माती होती, आणि मनगटापाशी, शीर दिसते तिथं, नेच्याचं एक बारीक पान उगवलं होतं. मी ते काढायला गेले तर आईनं हात मागे घेतला. "ऱ्हवांदे. दुखता."

ती थोडा वेळ देवीच्या दगडाकडे बघत बसली. मग उठली, दगडापुढची फुलं सारखी केली आणि लुगडं आवरून पाटीत बसली. पाय पोटाशी घेतले. पाटी तिला बरोबर झाली.

"सबूद मोडणा नाय हो," ती दगडाला म्हणाली. "मी काय न्हेणंय नाय. माका न्हेतत."

भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही आणि एकटीला खालीही ठेवता येत नाही. दुसऱ्या कोणाचे तरी दोन हात लागतात. त्याला आमच्याकडे हात लावणं म्हणतात. काकीनं हात लावला. मी डोक्यावर चुंबळ ठेवून वाकले, पाटी वर आली, आणि मान खांद्यांत बसली. ते एका म्हाताऱ्या बाईचं वजन नव्हतं. ते खनिजाचं वजन होतं. माझ्या मानेनं असं वजन कधी घेतलं नव्हतं, तरी तिला ते लगेच कळलं. मग काकीनं तिची पाटी दगडावर टेकवून, गुडघ्यानं रेटून, कशीबशी डोक्यावर घेतली. तिला हात लावायला कोणी नव्हतं.

उतरताना कोणी गात नाही. ओझ्याखाली श्वास पुरत नाही. मी पाय टाकला आणि वाट आली. तिच्यावर झाडं नव्हती, झरा नव्हता, फक्त पायापुरता घासून गुळगुळीत झालेला दगड होता. ओझं घेतलेल्या बाईला वर बघता येत नाही, त्यामुळे तिला वाटेत काही दिसत नसावं. वरून आईचा श्वास ऐकू येत होता. एकदा तिनं माझ्या कपाळावरचे केस हातानं मागे सारले.

घाडीभावजी आणि त्यांची बायको आम्हाला बाजूला झाली.

"शेवंते, न्हेल्यान गो तुका?"

"न्हेल्यान," आई वरून म्हणाली. "तुमी खंयपर्यंत?"

"ह्यो काय, पावलोच."

माळावर आम्ही उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. काकी पुढे होती. वासू मुकादम दगडावरून उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात पाटीच्या काठाला घातले आणि पाटी उतरवून जमिनीवर ठेवली. पाटी जमिनीला टेकली आणि तिच्यातल्या मातीचं खनिज झालं. काळ्या मातीचे लाल, जड खडे झाले. नेच्याची मुळं खडे झाली. पैसा किडा होता तिथं एक लहान गोल खडा होता. मुकादमानं तो उचलून बघितला आणि ढिगावर टाकला. दर वर्षी असंच होतं. माथ्यावरचं जे काही खाली ठेवलं जातं त्याचं खनिज होतं. दहा वर्षं मी माझी पाटी त्याच्या हातात दिली होती आणि पदर झटकून घरी गेले होते.

मुकादम माझ्याकडे वळला. हात तसेच वर होते.

"नको," मी म्हटलं आणि मागे सरले.

"नको काय? ये हय."

"नको मुकादम."

आमच्या गावात कोणी हात लावायला आलं तर बाई आधी नकोच म्हणते. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. ती नको नको म्हणते आणि समोरचा पाटी उतरवून घेतो. मुकादम हसत पुढे आला. तेवढ्यात काकी त्याच्या आणि माझ्या मध्ये शिरली, त्याचे दोन्ही हात धरून खाली दाबले, आणि मला डोळ्यांनी चल म्हणाली. मी चालायला लागले. मागून मुकादम म्हणत होता, "अगो, पण माझां काम ता!"

सपाटीला लागल्यावर दात न उघडता थोडं बोलता येतं.

"खंय उतरवतलंस माका?" आईनं विचारलं.

"घरी."

"घराक पण जमीनच आसा."

"उतरवणार नाही."

"मगे?"

"उभी राहीन."

"न्हिजतलंस कशी?"

"उभ्यानं."

"आणि शाळेत?"

"फळ्यावर लिहिताना मान सरळच असते."

आईनं पाटीचा काठ चाचपला. मग म्हणाली, "मुलां हसतली."

"हसू देत."

"शिकव तेंका काय तरी चांगलां. मी पण ऐकतलंय." तिचा आवाज खुशीतला होता. ती पाटीत जरा सरकून बसली आणि मला मान सावरावी लागली. "गाव वरसून बरो दिसता गो. हेच्या आदी मी मान वर करून ह्या रस्त्यान कधी इलंय नाय."

तिठ्यापाशी पहिली माणसं भेटली. एसटीची वाट बघत बसलेल्या दोन बायका होत्या. मला पाहून दोघी उठल्या.

"बाईनू, शाळेतली पाटी सोडून ही कसली पाटी घेतलास?" एक म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "अगो, शेवंती! इलंस?"

"इलंय," आई म्हणाली.

"बरां झालां. थांब, हात लावतंय."

"नको," मी म्हटलं.

"नको गो," आईही म्हणाली.

"नको काय, मान मोडतली चेडवाची." ती हात वर करून आली. मी बाजूनं निघाले. दुसरी दुसऱ्या बाजूनं आली. आनंदीकाकी मागून धावत आली आणि दोन्ही हात हवेत जोरजोरानं हलवायला लागली. तिला म्हणायचं होतं, लांब राहा. पण तिठ्यावरच्या माणसांना वाटलं, ती मदतीला बोलावतेय. पानाच्या टपरीवरून दोघं आले. पिठाच्या गिरणीतून गिरणीवाला आला, हात पुसत. सायकल लावून एकजण आला.

"काकी बोलावता," कोणीतरी ओरडलं. "पाटी जड दिसता."

"बाईंची आवस इली!"

"हात लावा रे, हात लावा!"

मी रस्त्याच्या मधून चालत राहिले. धावता येत नव्हतं. ओझं घेतलेल्या बाईला धावता येत नाही आणि वळताही येत नाही. घर सरळ पुढे होतं, शाळेच्या पलीकडे. काकी पुढे झाली आणि चालता चालता हात हलवत राहिली. तोंड उघडून ती ओरडत होती पण आवाज नव्हता. तिनं जितके हात हलवले तितकी माणसं घरांतून बाहेर आली. चांगली माणसं. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप. कोणी जेवणावरून उठून आले होते, त्यांनी हात धुतले होते. ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि सगळ्यांनी हात डोक्याएवढे वर केले, पाटी जिथं येईल तिथं, तळवे आत. पूर्वी माथ्यापासून माळापर्यंत अशाच रांगा लागायच्या, असं आई सांगायची.

"नको," मी म्हणत होते. "नको. नको. खरंच नको."

"ऱ्हवांदे गो बाई," ते म्हणत होते, "आमका कसले इतके मान?"

"नको रे बाबांनू," आई वरून म्हणत होती, आणि एकेकाला नावानं हाक मारत होती, विचारपूस करत होती. तिला पाहून सगळ्यांना बरं वाटत होतं.

रांगा पुढे जवळ जवळ येत गेल्या. शाळेपाशी रस्ता एका बाईपुरता राहिला. मी दोन्ही हातांनी पाटीचा काठ घट्ट धरला. आईनं तिचा एक हात माझ्या हातावर ठेवला. तो थंड होता आणि खरबरीत होता. ऊन पाठीमागून येत होतं आणि आमची सावली पुढे घराकडे लांब पडली होती. मला वर बघता येत नव्हतं, मागे बघता येत नव्हतं, म्हणून मी सावलीकडे बघत चालले. सावलीत मी होते, माझ्यावर पाटी होती, पाटीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आई होती. दोन्ही बाजूंना हातांच्या सावल्या होत्या, पण त्यांतली एकही पाटीपर्यंत पोचत नव्हती.

मग मागून कोणाच्या तरी श्वासाचा आवाज आला. अगदी जवळून. मानेतला ताण थोडा कमी झाला. ओझ्याच्या बायकांना दिवसभरात याहून सुखाचं काही नसतं असं म्हणतात, आणि ते खरं आहे. माझे खांदे आपोआप खाली आले. मी सावलीकडे पाहिलं. माझं डोकं आणि पाटी यांच्यामधून उन्हाची एक बारीक रेघ रस्त्यावर पडली होती.